मुलासाठीं घर

'दत्तक' हा शब्द उच्चारतांच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम गादी उभी राहते. मूल मागाहून येतें. सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें, तें दत्तक नामंजूर झाल्यामुळें. झांशीच्या गंगाधररावांनीं १८५३ च्या नोव्हेंबरांत, मृत्यूच्या आदल्या दिवशीं घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसीनें मानला नाहीं, आणि पुढच्याच सालीं तें संस्थान गेलें. उलट बडोद्यास १८७५ मध्यें महाराणी जमनाबाईंनीं कवळाण्याच्या गोपाळरावास मांडीवर घेतलें, आणि कोल्हापुरास १८८४ मध्यें आनंदीबाईंनीं कागलच्या यशवंतरावास घेतलें. या दोन दत्तकविधानांतून सयाजीराव गायकवाड आणि शाहू छत्रपति असे दोन थोर राजे लाभले. या प्रकरणांत वारसा कोणाकडे गेला याची चर्चा इतिहासांत भरपूर सांपडते. पण तेराव्या वर्षीं खेड्यांतल्या घरांतून राजवाड्यांत आणलेल्या मुलाला पहिल्या रात्रीं झोंप कशी लागली असेल, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

न विचारण्याचें कारण उघड आहे. जुन्या धर्मशास्त्रांत दत्तकाचा हेतु दुहेरी होता : पितरांना पिंड देणारा कोणी असावा, आणि घराण्याचें नांव व मालमत्ता पुढें चालावी. म्हणून दत्तक घ्यावयाचा तो सर्वसाधारणपणें मुलगाच, आणि तोहि शक्यतों भाऊबंदांतला. मुलगी दत्तक घेण्याचें फारसें कोणाच्या मनांत येत नसे. वाटेवर टाकलेलें अर्भक तर या विचाराच्या कक्षेंतच नव्हतें. कारण दत्तविधानाला मूल देणारे आईबाप लागत, आणि त्या अर्भकाला नेमके तेच नसत. घर अगोदरच होतें; त्या घराला मुलाची गरज लागली म्हणजे मूल आणलें जाई.

हा क्रम उलटा करण्याचा एक ठळक प्रयत्न पुण्यांत झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. अडचणींत सांपडलेल्या विधवेनें तेथें यावें, गुप्तपणें बाळंत व्हावें, आणि मूल नेणें शक्य नसल्यास तें तेथेंच ठेवून जावें, अशी ती सोय होती. तेथें आलेल्या काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्यानें १८७४ मध्यें दत्तक घेतलें. या दत्तकांत गादी नव्हती, गोत्राचा मेळ नव्हता, जातहि एक नव्हती. होतें तें एक मूल आणि त्याला लागणारें घर. यशवंत पुढें डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाईंना मृत्यु आला, तेव्हां तोहि त्याच कामांत होता. पंढरपुरासहि १८७५ सालीं प्रार्थनासमाजाच्या मंडळींनीं टाकलेल्या अर्भकांसाठीं आश्रम काढला. मुलाची गरज अगोदर आणि कुळाची मागून, हा विचार महाराष्ट्राला नवा नाहीं. मात्र तो घरोघर पोंचण्यास फार अवधि लागला.

कायद्याचीहि हीच गत झाली. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें मुलगी दत्तक घेतां येऊं लागली, अविवाहित व विधवा स्त्रीला स्वतःच्या नांवानें दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला, आणि दत्तहोमाची सक्ती उरली नाहीं. परंतु हा कायदा हिंदु, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरताच होता. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी व यहुदी कुटुंबांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालीं केवळ पालक होतां येई. मूल सज्ञान झालें कीं तें नातें कायद्याच्या दृष्टीनें संपे. बाल न्याय कायदा २००० सालीं झाला, २००६ सालीं त्यांत दुरुस्ती झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९ फेब्रुवारी २०१४ रोजीं दिलेल्या निर्णयानें कोणत्याहि धर्माच्या माणसाला या कायद्याखालीं मूल दत्तक घेतां येतें हें निश्चित झालें. सध्यांचा बाल न्याय कायदा २०१५ सालचा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलांत आहे. मुलाचें हित हा त्याचा पाया आहे, आणि मुलाला शक्य तोंवर कुटुंबांतच वाढवावें, संस्था हा शेवटचा उपाय समजावा, असें तो स्पष्ट सांगतो.

संस्थेंत मूल नीट वाढत नाहीं काय, असा प्रश्न येथें कोणी विचारील. अन्न, वस्त्र, औषध आणि शिक्षण यांची उत्तम व्यवस्था असलेल्या संस्था आहेत. परंतु लहान मुलाला या चौहोंवांचून आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे रोज तेंच माणूस. रडल्यावर येणारा हात आज एकाचा, उद्यां दुसऱ्याचा, असें झालें म्हणजे मूल हळूहळू रडणेंच सोडतें. आणि वरवर पाहणाऱ्याला तें शहाणें वाटतें. जॉन बोल्बी या इंग्रज मानसतज्ज्ञानें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं १९५१ सालीं लिहिलेल्या अहवालांत या हानीकडे लक्ष वेधलें होतें. पुढें रुमानियाच्या बुखारेस्ट शहरांत २००० सालीं एक मोठी पाहणी सुरू झाली. अनाथालयांतील १३६ लहान मुलांपैकीं निम्मीं, चिठ्ठ्या टाकून निवडावीं त्याप्रमाणें निवडून, पालक कुटुंबांत ठेवण्यांत आलीं. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धि, भाषा आणि माणसांवर विसंबण्याची शक्ति अधिक चांगली वाढली, आणि ज्यांना दोन वर्षांच्या आंत घर मिळालें त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. मुलाच्या आयुष्यांत उशीर हीहि एक इजाच असते, हा त्याचा अर्थ.

घर देण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली दत्तकाची. दत्तक गेलेलें मूल कायद्यानें सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखेंच होतें. नांव, वारसा, नातीं सारीं त्याचीं होतात, आणि हें नातें कायमचें असतें. म्हणूनच त्यापूर्वीं बरीच चौकशी असते. एखाद्या आईला मूल सांभाळणें अशक्य झालें तर ती तें जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या स्वाधीन करूं शकते. पण सही झाली तरी मन बदलण्यास तिला दोन महिन्यांची मुदत असते. सांपडलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घ्यावा लागतो. त्यानंतरच समिती तें मूल दत्तक देण्यास कायद्यानें मोकळें आहे असें जाहीर करते. दत्तक घेऊं इच्छिणारांनीं केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे नांव नोंदवावयाचें असतें. मग समाजसेविका घरीं येऊन पाहणी करते, आणि क्रम आला म्हणजे मुलाची माहिती कळते. अखेरचा आदेश पूर्वीं न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनें तो अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे दिला, आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलांत आली. त्यापुढें दोन वर्षें, दर सहा महिन्यांनीं, मुलाची विचारपूस होते.

या रांगेंत तीन वर्षांहून अधिक काळ थांबावें लागतें, ही तक्रार खरी आहे. २०२४-२५ या वर्षांत देशांत ४,५१५ मुलें दत्तक गेलीं. नोंदलेलीं कुटुंबें मात्र तीस हजारांहून अधिक आहेत. यावरून देशांत घराची गरज असलेलीं मुलें थोडीं आहेत असें समजणें चुकीचें होईल. संस्थांतून राहणाऱ्या पुष्कळ मुलांचे आईबाप हयात असतात. तीं मुलें कायद्यानें मोकळीं झालेलीं नसतात. आणि जीं मोकळीं आहेत त्यांत वयानें वाढलेलीं, आजारी वा अपंग, आणि एकत्र राहूं इच्छिणारीं भावंडें असतात. बहुतेक कुटुंबांना हवें असतें तें तान्हें आणि निरोगी मूल. म्हणजे एका रांगेंत आईबाप थांबले आहेत, दुसऱ्या रांगेंत मुलें थांबलीं आहेत, आणि दोन्ही रांगांचीं तोंडें वेगळ्या दिशांना आहेत. आठ वर्षांच्या बहिणीला आणि पांच वर्षांच्या भावाला एकत्र घेणारें घर निघालें, तर तीं दोन मुलें एका दिवसांत रांगेबाहेर येतात.

उतावळेपणानें कांहीं सुशिक्षित कुटुंबेंहि एका धोक्यांत सांपडतात. ओळखीच्या प्रसूतिगृहांतून, मध्यस्थाच्या शब्दावर, पैसे देऊन परस्पर मूल आणणें हा गुन्हा आहे. मुलाची खरेदी-विक्री झाली असेल तर २०१५ च्या कायद्यांत पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली आहे. पण शिक्षेहून मोठी गोष्ट अशी कीं, असें मूल आयुष्यभर खोट्या कागदावर उभें राहतें. त्याच्या आईनें खरोखर संमति दिली होती कीं नाहीं, हें त्याला कधींच कळत नाहीं. टाकलेलें वा संकटांत असलेलें मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावें. तेथून पुढील व्यवस्था होते.

दुसरी वाट प्रतिपालकत्वाची. हिला 'फॉस्टर केअर' या नांवानेंहि ओळखतात. येथें मूल काहीं काळापुरतें कुटुंबांत येतें. त्याचें मूळ नांव व मूळ नातीं कायम राहतात, आणि आईबापांची अडचण दूर झाली तर तें परत जातें. तुरुंग, दीर्घ आजार, व्यसन यांमुळें विस्कटलेल्या घरांतील मुलांना ही वाट उपयोगी पडते. २०२४ सालीं निघालेल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीं एकट्या स्त्रीपुरुषांनाहि ही जबाबदारी घेण्याची मुभा दिली, आणि दोन वर्षें सुखानें एकत्र काढल्यावर तेंच मूल दत्तक घेण्याची वाट खुली ठेवली. पूर्वीं यासाठीं पांच वर्षें लागत. आपल्याकडे ही पद्धति अजून विरळ आहे. 'जीव लावून पुन्हां परत द्यावयाचें, हें कसें सोसावें?' असें लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण हा वियोग मोठ्या माणसानें सोसावा म्हणजे मुलाला आधाराची संवय लागते. परत जातांना तें मूल रडलें, तर कोणावर तरी विसंबावयास तें शिकलें, असें समजावें.

तिसरी वाट सर्वांत जुनी, आणि मोजदादींत सर्वांत कमी दिसणारी. ती आप्तांची. आई गेली तर मूल आजोळीं जातें, बाप गेला तर काका पुढें होतो. आत्या, मावशी, आजी यांनीं वाढवलेलीं माणसें प्रत्येक घराण्यांत आहेत. २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या साथींत ज्यांचे दोन्ही आईबाप गेले अशा मुलांना सरकारी योजना पोंचण्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं मामाचें वा आजीचें दार उघडलें होतें. ओळखीचा आवाज, ओळखीची चव, तीच बोली आणि त्याच आठवणी, हा लाभ आप्तांच्या घरींच मिळतो.

परंतु नात्यांतली माणसें आहेत म्हणून सारें आपोआप सुरळीत होईल, ही समजूत बरोबर नाहीं. सत्तरीची आजी स्वतः मुलीच्या दुःखांत असतांना नातवाचा अभ्यास घेते. मामाच्या दोन खोल्यांत आधींच चौघें असतात. शाळेचा दाखला, बँकेचें खातें, मृत बापाची मिळकत यांची वेळ आली म्हणजे 'तुम्ही याचे कोण?' हा प्रश्न येतो, आणि प्रेमाला कागद नसतो. अशा कुटुंबानें न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश वेळींच घ्यावा. कायमचें नातें हवें असेल तर काका, आत्या, मामा, मावशी व दोन्हींकडचे आजीआजोबा यांना आप्त म्हणून दत्तक घेण्याची तरतूदहि आहे, आणि मूल पांच वर्षांचें वा मोठें असल्यास त्याची संमति विचारावी लागते. महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेला आतां सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. २०२३ सालीं तिचें साहाय्य दरमहा ११०० रुपयांवरून २२५० रुपये करण्यांत आलें. केंद्राच्या मिशन वात्सल्याखालीं दरमहा ४००० रुपयांचें साहाय्य पात्र मुलांना मिळूं शकतें. चौकशीची जागा म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. हें साहाय्य मागण्यांत कमीपणा नाहीं. संस्थेंत मूल ठेवलें असतें तर सरकारला त्याचा खर्च करावाच लागला असता. तोच खर्च आजीच्या हातीं आला तर मूल घरीं राहतें.

आप्तांच्या घरीं आणखी एक दुखणें संभवतें. मुलाला उपकाराची आठवण करून दिली जाते. 'आम्ही नसतों तर तुझें काय झालें असतें,' हें वाक्य रागाच्या भरांत एकदां बोललें जातें, आणि ऐकणारा तें जन्मभर विसरत नाहीं. भावंडांची वांटणी करणें, म्हणजे एक काकांकडे व एक मावशीकडे ठेवणें, हेंहि तसेंच. मोठ्यांच्या दृष्टीनें ती सोय असते. मुलांच्या दृष्टीनें उरलेलें घरहि त्या दिवशीं मोडतें.

वाट कोणतीहि असो, खरें काम मूल घरीं आल्यावर सुरू होतें. मोठ्या वयांत आलेलें मूल पहिले कांहीं दिवस फार गुणी असतें. मग तें हट्ट करूं लागतें, वस्तु मोडतें, जेवण उशाखालीं लपवतें. घरचीं माणसें घाबरतात. वास्तविक तें मूल एकच प्रश्न विचारीत असतें : इतकें करूनहि तुम्ही मला ठेवाल काय? याचें उत्तर शब्दांनीं देतां येत नाहीं; तीच जेवणाची वेळ, तेंच अंथरूण, तीच रात्रींची गोष्ट, असें महिनोन् महिने दिल्यानें तें मिळतें. या काळांत मूल परत पाठविण्याचा विचार ज्या घरांत बळावतो, तेथें बहुधा प्रेम कमी नसतें, सल्ला आणि सोबत कमी असते. म्हणून समाजसेविकेची भेट ही तपासणी न समजतां मदत समजावी.

आणि सत्य. मूल दत्तक आहे हें त्याला सांगावें कीं नाहीं, यावर आतां जाणत्यांत मतभेद उरलेला नाहीं : सांगावें, लवकर सांगावें, आणि पुनःपुन्हां सांगावें. तीन-चार वर्षांच्या मुलाला तें गोष्टीसारखें सांगतां येतें. साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास, आपल्याला कोणी घेतलें याचाच अर्थ कोणी दिलें, हें त्याच्या ध्यानांत येतें, आणि तें थोडें उदास होतें. त्या वेळीं विषय बदलूं नये. महाभारतांत कर्णाला आपला जन्म कळला तो युद्ध तोंडावर आल्यावर. तोंवर सूतपुत्र म्हणून झालेला अपमान त्यानें भोगून संपविला होता. तरीहि त्यानें राधा आणि अधिरथ यांनाच आईबाप मानलें. सत्य कळल्यानें प्रेम तुटलें नाहीं. उशिरा कळल्यानें मात्र आयुष्य जळलें. कृष्णाला दोन आया होत्या हें तर प्रत्येक घरांतील लहान मूल जाणतें, आणि त्यांत कोणाला कांहीं कमी वाटत नाहीं.

जन्म देणाऱ्या आईविषयीं घरांत कोणती भाषा वापरली जाते, याकडेहि मुलाचे कान असतात. तिला 'टाकून गेलेली' म्हटलें, तर मूल स्वतःला 'टाकलेलें' समजतें. तिला सांभाळणें शक्य नव्हतें, म्हणून तिनें तुला सुरक्षित ठिकाणीं दिलें, एवढें माहीत असेल तर एवढेंच सांगावें; माहीत नसलेलें रचून सांगूं नये. अठरा वर्षांचें झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठीं अर्ज करण्याची मुभा नियमांत आहे. मात्र जन्मदात्या आईची गुप्तता राखली जाते. मुलानें असा शोध केला तर वाढविणाऱ्यांनीं तो कृतघ्नपणा मानूं नये. आपलें पहिलें पान वाचण्याची इच्छा प्रत्येकालाच असते.

शेजाऱ्यांचा आणि आप्तेष्टांचा भागहि लहान नाहीं. 'खरे आईबाप कोण हो याचे?' हा प्रश्न मुलादेखत विचारला जातो. 'केवढें पुण्य केलेंत तुम्ही!' असें कौतुक होतें, आणि मुलाला कळतें कीं आपण कोणाच्या तरी पुण्याचा विषय आहों. रंग जुळतो कीं नाहीं, जात कोणती असावी, याच्या कुजबुजी चालतात. शाळेंत वंशवृक्ष काढून आणण्यास सांगतात, आणि एका मुलाचें पान कोरें राहतें. यांतली एकहि गोष्ट कायद्यानें थांबत नाहीं. बारशाला जसें जावें तसें दत्तक मुलाच्या स्वागताला जावें. नातवाला सांभाळणाऱ्या आजीला आठवड्यांतून एक दुपार मोकळी करून द्यावी. शिक्षकानें वंशवृक्षाऐवजीं 'माझ्या घरचीं माणसें' काढून आणावयास सांगावें. या गोष्टींना पैसा लागत नाहीं. ज्या मुलाला एकदां घर सुटल्याचा अनुभव आहे, त्याला या नव्या घराची खात्री अशा लहान लहान गोष्टींनींच पटते. आणि ती पटल्यावर मग तें मूल रात्रीं निर्धास्त झोंपतें.